मधुमेह आणि सोबत दुसरे मोठे आजार असलेलं मांजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बोका गोट्या बारा वर्षांचा असताना त्याला मधुमेह निघाला. किडनीचा आजार दुसऱ्या टप्प्यात होता आणि हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं इकोमध्ये आधीच दिसलं होतं. त्यानंतर दोन वर्षं आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ सात वाजता इन्सुलिन चाललं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे अनेक जण हेच प्रश्न पाठवत आले आहेत. मी पशुवैद्य नाही. औषधाचा डोस तुमच्या मांजराला हात लावून तपासणारे डॉक्टरच ठरवतील. पण घरी आल्यावर, दार लावल्यावर जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

१. दवाखान्यात साखर ३१० आली. पण मनी तिथे भयंकर घाबरली होती. हा मधुमेहच कशावरून?

शंका रास्त आहे. घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत. फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. माणसांत एचबीए१सी करतात, तशीच ही. घरी ट्रेमधून गोळा केलेल्या लघवीत साखर सापडली तर निदानाला आणखी बळ मिळतं, कारण मांजराच्या रक्तात साखर साधारण २५० च्या वर काही काळ राहिल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. थायरॉईड वाढलेलं असेल तर मात्र फ्रुक्टोसामीन फसवं कमी येतं. त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. किडनी आधीच खराब आहे, वय तेरा. आता हा नवा आजार. उपचार करण्यात अर्थ आहे का?

बहुतेक वेळा आहे, आणि मला हे मनापासून सांगायचं आहे. मधुमेहावर उपचार न केलेलं मांजर खात असूनही झिजत जातं, सारखी लघवी होऊन कोरडं पडतं, आणि तो कोरडेपणा किडनीला आणखी मारतो. थोडं इन्सुलिन सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांतच अंगावर तेज आलेलं अनेकांनी पाहिलं आहे.

पण ध्येय वेगळं ठेवावं लागतं. फक्त मधुमेह असलेल्या तरण्या बोक्याची साखर दिवसभर १०० ते २०० मध्ये ठेवायचा प्रयत्न करता येतो. तीन आजारांच्या मांजरात तसं करू नका. त्याने खावं, वजन टिकावं, कीटोन (साखरेऐवजी चरबी जाळल्यावर रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) होऊ नयेत आणि साखर कधीही धोकादायक खाली जाऊ नये, एवढं पुरे. साखर काही दिवस ३०० राहिल्याने मांजर लगेच दगावत नाही, पण २५ पर्यंत खाली गेलेली साखर एका रात्रीत जीव घेऊ शकते. आमच्या घरात सगळे निर्णय याच हिशेबाने झाले.

३. गोळी नाही का? रोज दोनदा सुई टोचणं आमच्याने होणार नाही.

माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजरात फारशा उपयोगी पडत नाहीत. आजी-आजोबांच्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचं पातळ औषध खास मांजरांसाठी मंजूर झालं. ही औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात. परदेशातले मराठी वाचक त्यांच्याबद्दल नेहमी विचारतात.

आपल्यासारख्यांना अडचण अशी की, ही औषधं इतर बाबतीत धडधाकट असलेल्या आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. सुरू करण्याआधी किडनी, यकृत, स्वादुपिंड आणि कीटोन तपासावे लागतात. खाणं सोडलेल्या किंवा कोरड्या पडलेल्या मांजराला ती देत नाहीत. शिवाय रक्तातली साखर अगदी नॉर्मल दिसत असताना कीटोन वाढून मांजर गंभीर होऊ शकतं. त्यामुळे सोबत दुसरा मोठा आजार असेल तर डॉक्टर बहुधा इन्सुलिनच निवडतात.

सुईची भीती चार दिवसांत जाते. ती केसासारखी बारीक असते आणि खाण्यात गुंगलेल्या मांजराला कळतही नाही. मानेमागची कातडी उचलून टोचायची सवय अनेकांना असते, पण कुशीच्या बाजूला टोचलेलं इन्सुलिन चांगलं शोषलं जातं. टोचल्यावर केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलेलं आहे. तरीही परत टोचू नका, पुढच्या वेळेची वाट पाहा.

४. यू-४० आणि यू-१०० हा काय प्रकार आहे? मेडिकलवाल्याने 'सगळ्या सारख्याच' म्हणून सिरिंज दिली.

सारख्या नाहीत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

यू-१०० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, यू-४० म्हणजे ४० युनिट. भारतात माणसांच्या जुन्या प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा यू-४० असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. मांजरांना सर्रास लिहून दिलं जाणारं ग्लार्जिन (लॅन्टस, बेसालॉग, ग्लॅरिटस वगैरे) यू-१०० असतं. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची.

आता ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेषेपर्यंत भरलं तर मांजराला एक नव्हे, अडीच युनिट मिळतात. किडनीच्या मांजराला तेवढ्यात झटके येऊ शकतात. उलट यू-४० औषध यू-१०० सिरिंजने दिलं तर डोस निम्म्याहून कमी पडतो, आणि आठवडाभर 'औषध लागूच पडत नाही' असं वाटत राहतं.

टोपणाच्या रंगावर विसंबू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही वाचा. ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली यू-१०० सिरिंज मिळाली तर उत्तम, कारण आपल्या मांजरांचे डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटने बदलतात. आणि एक, टूजिओ हेही ग्लार्जिनच आहे, पण यू-३००. दुकानात लॅन्टस नाही म्हणून ते हातात टेकवलं तर घेऊ नका.

५. सुरुवात किती युनिटने होते?

ग्लार्जिन बहुधा दर बारा तासांनी एक युनिट किंवा त्याहून कमी. किडनीचा आजार असेल तर डॉक्टर खालच्या टोकाला सुरुवात करतात, कारण इन्सुलिनचा काही भाग किडनी साफ करते. ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. एका डोसचा खरा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज वाढवायचा नसतो. पहिल्याच दिवशी तीन-चार युनिट लिहून दिले असतील तर नम्रपणे कारण विचारा.

६. आज त्याने वाटीला तोंडच लावलं नाही. इन्सुलिन देऊ का?

पूर्ण डोस डोळे मिटून देऊ नका. आधी साखर मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. अर्धवट खाल्लं असेल तर पुष्कळ डॉक्टर डोस निम्मा करायला सांगतात. तुमच्यासाठी नियम काय, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. रात्री कुणी फोन उचलत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत टोचण्याआधीचा आकडा २०० च्या खाली असला तर विचारल्याशिवाय आम्ही टोचत नव्हतो.

दिलं की नाही हे आठवत नसेल तर न दिलेलं बरं. घरात दोघं जण देत असतील तर हे हमखास होतं. फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि टोचल्यावर लगेच खूण करा.

सलग दुसऱ्या दिवशीही मांजर खात नसेल तर प्रश्न इन्सुलिनपुरता राहत नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि मधुमेहात कीटोन वाढतात (प्रश्न १४). भुकेसाठी मिर्टाझापिन देतात, किडनीच्या मांजरात ते जपून. कॅप्रोमोरेलिन हे भुकेचं दुसरं औषध ग्रोथ हॉर्मोनच्या वाटेने साखर वाढवतं, त्यामुळे मधुमेहाची आठवण डॉक्टरांना करून द्या.

७. साखर खूप खाली गेली हे ओळखायचं कसं, आणि रात्री दोन वाजता करायचं काय?

एकाएकी प्रचंड भूक, विचित्र ओरडणं, डोळे विस्फारणं, झोकांड्या, थरथर, कोपऱ्यात निपचित पडणं, शेवटी झटके. माणसांच्या ग्लुकोमीटरवर (प्रश्न ८) आकडा ६० च्या खाली असेल तर लक्षणं नसली तरी हालचाल करा.

गिळू शकत असेल तर आधी खायला द्या. मध किंवा ग्लुकोज पावडरची पाण्यातली दाट पेस्ट हिरड्यांना चोळा. झटके चालू असताना तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. गालाच्या आतल्या बाजूला बोटभर मध लावायचा, दातांमध्ये बोट जाऊ द्यायचं नाही, आणि निघायचं. दर पंधरा मिनिटांनी साखर मोजा. मधाचा परिणाम लवकर ओसरतो पण ग्लार्जिन तासन्‌तास काम करत राहतं, त्यामुळे मांजर उठून बसलं म्हणून झोपायला जाऊ नका.

मधाची छोटी बाटली एक स्वयंपाकघरात, एक मांजराच्या पिंजऱ्यात ठेवा. चोवीस तास उघडा असलेला दवाखाना कुठला, हे आजच शोधून ठेवा.

८. माणसांचं ग्लुकोमीटर चालतं का?

चालतं, पण ते मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. कायम एकच मशीन वापरा, म्हणजे चढउतार कळतो. रक्त कानाच्या कडेवरून घेतात. कान आधी कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने गरम करायचा.

किडनीच्या मांजरांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. किडनीचा आजार वाढला की रक्त कमी होतं, आणि पातळ रक्तात ग्लुकोमीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे मशीन ११० म्हणेल आणि मांजर खरं तर बरंच खाली असेल. हिमोग्लोबिन कमी असेल तर प्रयोगशाळेतल्या आकड्याशी एकदा ताडून घ्या.

त्वचेवर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर मांजरांतही वापरतात. कंपनी १४ दिवस म्हणते, मांजरावर तो बरेचदा आधीच निघतो. तो ४० च्या खालचा आकडा दाखवत नाही. तरीही रात्रीचा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमचा डोस लगेच कमी झाला, कारण पहाटे तीनला साखर कुठे जाते हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मोजण्याइतकंच वजनही महत्त्वाचं. पाणी कमी पिणं ही मधुमेह ताब्यात आल्याची खूण मानतात, पण किडनीचं मांजर साखर उत्तम असतानाही भरपूर पाणी पितं. आठवड्यातून एकदा लहान बाळांच्या काट्यावर केलेलं वजन जास्त खरं बोलतं.

९. किडनीचं खाणं वेगळं, मधुमेहाचं वेगळं. नक्की काय घालू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मधुमेहात प्रथिनं भरपूर आणि पिष्ट अगदी कमी हवं. किडनीच्या आहारात फॉस्फरस आणि प्रथिनं आवरलेली असतात आणि ती कमतरता चरबी व पिष्टाने भरून काढलेली असते. दोन्ही पिशव्या समोर ठेवल्या की गोंधळ होणारच.

साधारण रीत अशी. किडनीचा आजार पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात असेल तर कमी पिष्टाचं, ओलं आणि फॉस्फरस बेताचा असलेलं अन्न. गरज पडल्यास फॉस्फरस बांधणारं औषध अन्नात मिसळतात. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात किडनीच्या आहाराला मान द्यायचा आणि साखरेचं काम इन्सुलिनवर सोपवायचं. दोन्ही टप्प्यांत ओलं अन्न कोरड्या दाण्यांपेक्षा बरं, कारण पाणी आपोआप पोटात जातं. आणि तिन्ही त्रिकाळ लागू पडणारी गोष्ट म्हणजे, वाटीत तसंच पडून राहिलेलं उत्तम पथ्याचं अन्न काही कामाचं नाही. खातंय ते आधी.

आपल्या घरांतलं सांगायचं तर दूधभात आणि दूधपोळी बंद. सुकट, सुके बोंबील, खारवलेलं काहीही हृदयाला आणि किडनीला नको. नुसतं उकडलेलं चिकन आजारपणात चार दिवस चालेल, पण त्यात कॅल्शियम नाही आणि फॉस्फरस आहे, म्हणून तो कायमचा आहार होत नाही. रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

एक धोका कुणी सांगत नाही. कोरड्या दाण्यांवरून कमी पिष्टाच्या ओल्या अन्नावर आणलं की इन्सुलिनची गरज काही दिवसांत एकदम उतरू शकते. तोच डोस चालू राहिला तर साखर कोसळते. बदल हळूहळू, मोजत, आणि डॉक्टरांना सांगून.

१०. थायरॉईड आणि मधुमेह एकत्र. कुठल्याचा उपचार आधी?

दोन्ही बरोबर सुरू करतात. दोन्हींत मांजर खूप खातं आणि तरी वाळतं, त्यामुळे एक आजार दुसऱ्यामागे लपतो. वाढलेलं थायरॉईड इन्सुलिनला दाद देत नाही. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल लागू पडलं की इन्सुलिनची गरज कमी होते, म्हणून त्या काळात साखर जास्त वेळा मोजा. थायरॉईड ताब्यात आल्यावर झाकलेला किडनीचा आजार उघडा पडू शकतो. क्रिएटिनिन परत तपासून घ्या.

११. दम्यासाठी स्टिरॉइड चालू आहे, ते बंद करू?

स्वतःहून एकदम नको. स्टिरॉइडने साखर वाढते, काही मांजरांत मधुमेह त्यानेच सुरू झालेला असतो. दम्याला मास्क लावलेल्या नळीतून फ्लुटिकासोनचा पंप देता येतो, आतड्याच्या सुजेला काही वेळा ब्युडेसोनाइड चालतं. तोंड आलेल्या मांजराला महिना-महिना टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन मात्र ठामपणे नको म्हणा. ते एकदा टोचलं की काढता येत नाही आणि हृदय नाजूक असेल तर फुप्फुसात पाणी होण्याची भीती असते. अशा तोंडाला दात काढणं हाच बहुधा खरा उपाय, आणि तोंडाची सूज गेली की साखरही सुधारते.

१२. हृदयही कमजोर आहे. घरी कातडीखाली सलाईन देतो, ते चालू ठेवू का?

हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण किडनीला पाणी हवं असतं आणि कमजोर हृदयाला तेच पाणी बुडवतं. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास, हे रोज मोजा. तीसच्या खाली ठीक, सतत वर जाऊ लागला तर त्याच दिवशी फोन.

बाटलीवरचं नावही वाचा. रिंगर लॅक्टेट चालतं. डीएनएस किंवा डी-५ मध्ये साखर असते, आणि घाईच्या दवाखान्यात मधुमेही मांजरालाही ते लागलेलं मी पाहिलं आहे.

१३. मागचे पाय पार टाचेपर्यंत टेकवून चालतो. अर्धांगवायू का?

हळूहळू आलं असेल तर मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम असण्याची शक्यता जास्त. साखर सुधारली की काही महिन्यांत पाय पुन्हा उचलला जातो, बऱ्याच मांजरांत पूर्ण. मान खाली लोंबत असेल तर पोटॅशियम तपासा. किडनीचा आजार आणि इन्सुलिन दोन्ही ते खाली ओढतात.

मात्र हृदयाच्या मांजराचे मागचे पाय क्षणात लुळे पडले, पंजे थंड आणि निळसर झाले, मांजर वेदनेने ओरडू लागलं, तर ती रक्ताची गुठळी आहे. एक मिनिटही थांबू नका.

१४. कीटोनची पट्टी कधी वापरायची?

खाणं कमी झालं, उलट्या, सुस्ती, किंवा तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला की लगेच लघवीत बुडवून पाहायची. पुसटपेक्षा गडद रंग आला तर त्याच दिवशी दवाखाना. हे घरी भागत नाही, शिरेतून सलाईन आणि पोटॅशियम लागतं. हृदयाचा आजार असल्याचं दारातच सांगा, म्हणजे सलाईनचा वेग बेतात राहील.

१५. महिन्यातून एखादा आठवडा सगळं बिघडतं, मग आपोआप सुधारतं. का?

स्वादुपिंडाची सूज, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस, अशीच येते-जाते. सुजेच्या दिवसांत इन्सुलिन जास्त लागतं, ओसरली की तोच डोस डोईजड होतो. म्हणून त्या आठवड्यात डोस वाढवण्याची घाई नको. उलटी आणि वेदनेचं औषध मिळालं पाहिजे. मांजर पोट दुखतंय हे सांगत नाही, ते नुसतं पाय पोटाशी घेऊन बसून राहतं. कुत्र्यासारखं त्याला उपाशी ठेवायचं नसतं.

१६. डोस वाढवत पाच-सहा युनिटवर आलो, तरी साखर ४००.

आधी साध्या गोष्टी पाहा. बाटली उन्हात किंवा फ्रीजरमध्ये राहिली का, सिरिंज बरोबर आहे का (प्रश्न ४), कुणी चोरून दूधभात देतंय का. मग लघवीचं कल्चर करा. पातळ, गोड लघवीत जंतू वाढतात आणि लक्षणं दिसतातच असं नाही. दात पाहा, थायरॉईड पाहा.

तरीही उत्तर मिळालं नाही तर आयजीएफ-१ ही तपासणी विचारा. मेंदूखालच्या ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन जास्त झिरपणाऱ्या मांजरांत असं होतं. २०१५ च्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथाई मांजरांत हा आकडा खूप वाढलेला सापडला होता. मधुमेह असूनही वजन वाढतंय, तोंड रुंद होतंय, ही त्याची खूण. गुंतागुंत वाढली की परळ, नागपूर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घेता येतं. सगळे कागद आणि साखरेची वही बरोबर न्या.

१७. इन्सुलिन कधी सुटतं का?

काहींचं सुटतं. लवकर निदान, कमी पिष्ट आणि सुरुवातीपासून चांगला ताबा असेल तर शक्यता वाढते. स्टिरॉइड थांबवता आलेल्या मांजरांत विशेष. गोट्याचं सुटलं नाही. सुटलेलं परतही येऊ शकतं, म्हणून मोजणं पूर्ण सोडू नका.

१८. थांबायचं कधी? आणि इन्सुलिन बंद करून नैसर्गिकरीत्या जाऊ दिलं तर?

आवडतं खाणं नाकारणं, अंग न चाटणं, आपल्या जागेवर न येणं, वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होणं. कॅलेंडरवर रोज चांगला की वाईट एवढीच खूण करा. पैसे संपले हेही खरं कारण आहे, त्यासाठी कुणी तुम्हाला दोष देऊ नये.

नुसतं इन्सुलिन बंद करणं मात्र सौम्य मरण नाही. कीटोन वाढून मळमळ, उलट्या, तहान आणि धाप यांत ते अनेक दिवस तळमळतं. निरोप द्यायचा ठरला तर डॉक्टरांच्या हातून, आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन द्या. काही डॉक्टर त्यासाठी घरी येतात, विचारून पाहा. आमचे आले होते. गोट्या खिडकीतल्या गोधडीवरच होता, आणि त्या सकाळी त्याला पथ्याचं काही न घालता हवी तेवढी ताजी मांदेली दिली होती.